ओसरीवरचे तत्त्वज्ञ आणि बाजारातला पौल: अथेन्स ते इफेसस, सहा दिवस

पहिला दिवस

विमानतळावरून मेट्रोने मोनास्तिराकीला उतरलो, सामान खोलीवर टाकलं आणि संध्याकाळी पाचला अरीयपग टेकडीच्या पायथ्याशी हजर. 'अरीयपग' हा उच्चार माझा नाही, वसईकरणीचा. मी कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून माझ्या तोंडी 'आरिओपागस'. ती त्याच कॉलेजात मराठी शिकवायची. वसईची कॅथलिक, मराठी बायबल जवळजवळ तोंडपाठ. निवृत्तीनंतर कुठे जायचं यावरून आमचं रीतसर भांडण झालं होतं. मला प्लेटोचं गाव बघायचं होतं, तिला पौलाची वाट, म्हणजे पहिल्या शतकात येशूचा प्रचार करत हिंडलेल्या प्रेषिताची. नकाशा उघडला तर दोन्ही एकाच ठिकाणी जात होत्या.

अक्रोपोलिसच्या कुशीतला हा चुनखडीचा उघडा कातळ. पावलांनी घासून घासून असा गुळगुळीत झालाय की चपला घालून चढणं म्हणजे धाडस. बाजूला धड लोखंडी जिना आहे. "पौल काय लोखंडी जिन्याने चढला होता?" असं म्हणून बाई कातळात खोदलेल्या जुन्या पायऱ्यांनी चढल्या आणि उतरताना शेवटच्या चार पायऱ्या बसून उतरल्या. लागलं नाही, पण नव्या कुडत्यावर मागे पांढरा पट्टा. तो सहा दिवस गेला नाही.

पायथ्याच्या खडकात ब्राँझचा फलक बसवलाय. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय 17, पौलाचं अथेन्समधलं भाषण, मूळ ग्रीकमध्ये. मी अक्षरांवरून बोट फिरवत अडखळत वाचत होते आणि ती माझ्या दोन ओळी पुढे, मराठीत. अज्ञात देवाची वेदी, हातांनी बांधलेल्या देवळात न राहणारा देव, आणि मग ती ओळ: आपण त्याचेच वंशज आहोत, असं तुमच्याच काही कवींनी म्हटलंय.

इथे मी तिला थांबवलं. ही ओळ अराटसची. नक्षत्रं आणि हवामानाच्या खुणा सांगणारं त्याचं एक लांबलचक काव्य आहे, त्याच्या सुरुवातीलाच ती येते. अराटस किलिकियाचा, पौलही किलिकियातल्या तार्ससचा. म्हणजे आपल्या मुलखातल्या कवीची ओळ त्याच्या ओठांवर असणारच. पण अराटसच्या कवितेत 'त्याचे' म्हणजे ग्रीकांच्या देवराजाचे, झ्यूसचे! समोर बसलेल्या स्टोइक आणि एपिक्युरियन या दोन तत्त्वज्ञ पंथांच्या मंडळींना हे ठाऊक नसेल असं होणार नाही.

"म्हणजे तुझ्या पौलाने झ्यूसची ओळ उचलली."

"उसनी घेतली म्हण. आमच्या वाडीत वाटीभर साखर उसनी नेली तर कुणी चोरी म्हणत नाही."

"आणि परत करतात?"

"करतात की. वाटी परत करताना तिच्यात दुसरं काहीतरी घालूनच देतात."

हे उत्तर मला त्या क्षणी निव्वळ चतुर वाटलं. पुढचे पाच दिवस मी त्याच वाटीभोवती फिरत होते.

भाषण बिनसलं ते शेवटाला. एकच देव, तो देवळात मावत नाही, सगळी माणसं एका रक्ताची, इथवर स्टोइकांनी मान डोलावली असती. मेलेला माणूस, म्हणजे येशू, उठला म्हटल्यावर काही जण हसले. प्लेटो वाचून वाढलेल्याला देहातून सुटका हवी असते. तोच देह परत मिळणार हे त्याला वचन नाही, शिक्षा वाटेल. एपिक्युरियनांच्या मते तर आत्म्याचे कण मरणाबरोबरच विखुरले. त्यांनी आधीच पौलाला 'स्पेर्मोलोगोस' म्हटलं होतं, म्हणजे बाजारात सांडलेले दाणे टिपत फिरणारं पाखरू. इकडचं तिकडचं उचलून बोलणारा. वसईकरणीला याचा राग यावा अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "चिमणी. बरोबरच आहे की."

दुसरा दिवस

सकाळी अगोरा, म्हणजे जुना बाजारचौक. अट्टालोसची स्टोआ 1950च्या दशकात अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी पुन्हा उभारली आहे, तिच्या सावलीत बसलं की 'स्टोआ' म्हणजे काय ते कळतं. पुढे खांबांची रांग, मागे भिंत, वर छप्पर, बाजारातल्या माणसाला टेकायला जागा. आपली ओसरीच, फक्त संगमरवरी. मात्र स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो जिथे शिकवायचा ती चित्रांची ओसरी ही नव्हे. ती पाहायला आगगाडीचे रूळ ओलांडून आद्रियानू रस्त्याच्या पलीकडे जावं लागतं. तिथे टॅव्हर्नांच्या मधोमध एक खड्डा, कठडा, आणि खाली काही पायऱ्या नि खांबांचे बुंधे. स्टोइक म्हणजे शब्दशः ओसरीवाले. जगातल्या सर्वात करारी तत्त्वज्ञानाचं नाव एका पडवीवरून पडलंय आणि ती पडवी आज तळलेल्या माशांच्या वासात बुडालेली आहे.

कठड्याला टेकून मी तिला जस्टिनची गोष्ट सांगितली. दुसऱ्या शतकातला हा माणूस, पॅलेस्टाइनमधल्या आजच्या नाब्लसचा. गुरू शोधत हिंडला. आधी एक स्टोइक गाठला. त्याला देवाच्या प्रश्नात रसच नव्हता. मग अॅरिस्टॉटलच्या पंथाचा एक; त्याने थोड्याच दिवसांत फी मागितली. पायथागोरसवाला म्हणाला, आधी संगीत, खगोल, भूमिती शिकून ये. मग प्लेटोपंथी भेटला आणि जस्टिनला पंख फुटल्यासारखं झालं. शेवटी समुद्रकाठी एक म्हातारा भेटला आणि बोलता बोलता त्याने प्लेटोच्याच आत्म्याच्या सिद्धांतातली भोकं दाखवली. जस्टिन ख्रिस्ती झाला. पण तत्त्वज्ञाचा झगा त्याने उतरवला नाही! तोच अंगावर घालून तो नवा धर्म शिकवू लागला.

त्याने स्टोइकांचाच शब्द घेतला. लोगोस म्हणजे विश्वात भरून राहिलेला विवेक, आणि त्याचं बीज प्रत्येक माणसात पेरलेलं. जस्टिन म्हणाला, हा लोगोस म्हणजेच ख्रिस्त. म्हणून लोगोसला धरून जे जगले ते ख्रिस्तीच, मग लोकांनी त्यांना नास्तिक का म्हणेनात. उदाहरणं कुणाची? ख्रिस्ताच्या आधीच्या दोन ग्रीक तत्त्वज्ञांची, सॉक्रेटिस आणि इफेससचा हेराक्लिटस.

"म्हणजे तुझा सॉक्रेटिस आमच्यात," वसईकरीण खुशीत.

"न विचारता."

हाच मला जस्टिनचा दोष वाटतो. सॉक्रेटिसला त्याने मान दिला, पण स्वतःच्या घरात नेऊन बसवून. तरीही त्याचा शेवट वाचताना गळा दाटतो. 165च्या सुमारास रोममध्ये त्याला मृत्युदंड मिळाला. न्यायासनावर नगरपाल जुनियस रुस्टिकस होता. सम्राट मार्कस ऑरेलियसला ज्याने स्टोइक विचारांची गोडी लावली, तोच हा रुस्टिकस. लोगोस मानणाऱ्याने लोगोस मानणाऱ्याचं डोकं उडवलं.

संध्याकाळी अक्रोपोलिसच्या दक्षिणेच्या पादचारी रस्त्यावर फिरलो. मला या रस्त्यावर एक गोष्ट बघायची होती आणि ती दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. रस्त्याचं नाव दिओनिसिऊ आरेओपागितू. पौलाचं भाषण ऐकून जे थोडे लोक त्याच्या मागे गेले, त्यांत दमारी नावाची बाई होती आणि अरीयपगाच्या न्यायसभेतला दिओनुस्य. त्याच्या नावाचा हा रस्ता. पुढे पाचशेच्या आसपास कुणीतरी याच दिओनुस्याच्या नावाने ग्रंथ लिहिले: देवाची नावं, स्वर्गदूतांच्या पायऱ्या, शब्दांपलीकडचा अंधार. प्रेषिताच्या शिष्याचे म्हणून ते युरोपभर प्रमाण मानले गेले. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला या इटालियन पंडिताने शंका काढली. 1895मध्ये दोन जर्मन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की यातली पानंच्या पानं प्रोक्लसवर बेतलेली आहेत. प्रोक्लस म्हणजे अथेन्समधल्या प्लेटोपंथाचा शेवटचा मोठा आचार्य, 485 साली वारला, आणि ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक.

आता गंमत. 1955मध्ये याच रस्त्याच्या खाली एक मोठं प्राचीन घर सापडलं. ते प्रोक्लसचं असावं असं बरेच जण मानतात. त्याचं घर अक्रोपोलिसच्या या अंगाला होतं असं त्याच्या चरित्रात आहेच. घर पुन्हा बुजवलं. म्हणजे ज्याचं नाव लावून प्रोक्लसचे विचार चर्चमध्ये शिरले, त्याच्या नावाचा रस्ता प्रोक्लसच्या माजघरावरून जातो. आम्ही उभ्या होतो तिथे एक पोरगा अकॉर्डियन वाजवत होता आणि त्याच्या टोपीत नाणी पडत होती.

वसईकरीण बराच वेळ फरसबंदीकडे बघत राहिली. "बिचारा," ती म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही.

तिसरा दिवस

सकाळी लायसियम, अॅरिस्टॉटलची शाळा. 1996मध्ये बांधकामासाठी खोदताना सापडली. पायाच्या भिंती, व्यायामशाळेचं अंगण, मधे लावलेली सुगंधी झुडपं. वीस मिनिटांत बघून होतं. पण तिथल्या बाकावर आमची या सहलीतली सर्वात कडू चर्चा झाली.

मी म्हटलं, दर रविवारी तू जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचा जाहीरनामा, म्हणतेस, त्यात पुत्र म्हणजे ख्रिस्त पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असं आहे ना? तो मूळ शब्द 'होमोऊसिओस'. तो बायबलमध्ये नाही. 325 साली निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत घातला. त्यातला 'ऊसिया' हा या अंगणातला शब्द. वस्तूचं वस्तूपण काय, ही अॅरिस्टॉटलची आयुष्यभराची डोकेदुखी.

ती गप्प झाली. मग जरा चिडूनच म्हणाली, "मग त्यांनी काय करायला हवं होतं? तो अॅरियस, अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू, बायबलमधलीच वचनं काढून सांगत होता की पुत्र निर्माण केलेला आहे. दोन्ही बाजूंकडे तीच वचनं. भांडण मिटवायला बाहेरचा शब्द आणावाच लागणार."

बरोबर होतं तिचं. आणि भांडण मिटलं नाहीच. त्या एका शब्दावरून पुढची पन्नासेक वर्षं बिशप हद्दपार होत राहिले. उसनी वाटी आणली की तिची घडण आपल्या साखरेला येते, एवढंच मला म्हणायचं होतं, पण मी ते परीक्षेचा पेपर काढल्यासारखं म्हटलं. दुपारपर्यंत ती माझ्याशी फक्त पाण्याच्या बाटलीपुरतं बोलली.

दुपारी बसने प्लेटोच्या अकादमीत. तिकीट नाही, पहारा नाही. वस्तीतली साधी बाग: ऑलिव्हची झाडं, गवतात भिंतींचे अवशेष, त्यांच्यावर पाय देऊन फुटबॉल खेळणारी मुलं. 529 साली जस्टिनियन बादशहाने प्लेटोची अकादमी बंद केली असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं; ते अर्धवट होतं. ही बाग तर त्याच्या सहा शतकं आधी, इसवीसनपूर्व 86मध्ये रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सला वेढा घातला तेव्हाच उजाड झाली होती. वेढ्याची यंत्रं करायला त्याने इथली झाडं तोडली. जस्टिनियनच्या फर्मानाने बंद पडली ती प्रोक्लसच्या गादीवरची शाळा. तिचा प्रमुख दमास्कियस सहा सोबती घेऊन इराणच्या खुश्रू राजाकडे गेला. तिथे मन रमलं नाही; खुश्रू आणि जस्टिनियन यांच्या 532च्या तहात त्यांना परत येऊन आपल्या मताने जगू द्यावं असं कलम होतं.

मला मात्र त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं अथेन्स जास्त खुणावतं. 350च्या दशकात इथे तीन तरुण शिकत होते: कप्पदुकियाचे बेसिल आणि ग्रेगरी, दोघेही पुढे बिशप झाले, आणि राजघराण्यातला ज्युलियन. ग्रेगरी लिहितो, आम्हा दोघांना शहरात दोनच रस्ते ठाऊक होते, एक चर्चचा आणि एक गुरुजींच्या घराचा. ज्युलियन पुढे सम्राट झाला, ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळला आणि 362मध्ये त्याने ख्रिस्ती शिक्षकांना ग्रीक साहित्य शिकवायला बंदी केली. त्याचं म्हणणं तसं बिनतोड: होमरचे देव तुम्हाला खोटे वाटतात ना, मग पोटासाठी होमर कशाला शिकवता? जा, आपल्या चर्चमध्ये मत्तय आणि लूक वाचा.

ग्रेगरी भडकला. ग्रीक भाषा काय तुझ्या मालकीची आहे? बेसिलने शांतपणे, भाच्यांसाठी म्हणतात, एक छोटं व्याख्यान लिहिलं: ही जुनी पुस्तकं मधमाशीसारखी वाचा, सगळ्या फुलांवर बसू नका आणि जिथे बसाल तिथलंही सगळं नेऊ नका.

इथे वसईकरणीचा अबोला सुटला. तिनेही आयुष्यभर ज्ञानेश्वरी शिकवली, गळ्यात क्रॉस घालून. पहिल्याच वर्षी एका पालकाने विचारलं होतं, तुम्ही कशा काय शिकवता हे? "मी तेव्हा काही बोलले नाही," ती म्हणाली. "हा ग्रेगरी तेव्हा ठाऊक असता तर!"

एक मुलगा चेंडू मागत आला. तो तिच्या पायाशी होता. तिने बऱ्यापैकी लाथ मारली.

चौथा दिवस

करिंथ. उपनगरी गाडीने नव्या करिंथपर्यंत आणि पुढे टॅक्सी. अपोलोच्या देवळाचे सात खांब, वर अक्रोकरिंथचा डोंगर, मे महिन्यातही डोकं तापवणारं ऊन. भर चौकात दगडी न्यायासन आहे, बेमा. इथे यहुद्यांनी पौलाला गल्लियो या रोमन राज्यपालासमोर उभं केलं. डेल्फीला सापडलेल्या शिलालेखामुळे त्याचा कार्यकाळ 51-52च्या आसपासचा ठरतो आणि त्यावरून पौलाच्या आयुष्यातल्या इतर तारखांचा हिशेब लागतो.

गल्लियो हा सेनेकाचा थोरला भाऊ. रोममधल्या सर्वात नावाजलेल्या स्टोइकाचा भाऊ आणि पौल समोरासमोर, आणि झालं काय? गल्लियो म्हणाला, गुन्हा असता तर ऐकलं असतं. हा वाद शब्दाचा, नावांचा आणि तुमच्या नियमशास्त्राचा, तुमचं तुम्ही बघा. ग्रीक मुळात 'शब्द' साठी लोगोसच आहे. मग जमावाने यहुद्यांच्या सभास्थानाचा अधिकारी सोस्थेनेस याला न्यायासनासमोरच मारलं आणि गल्लियोने लक्ष दिलं नाही. सेनेकाने क्रोधावर लिहिलेला ग्रंथ याच भावाला उद्देशून आहे. क्रोध आवरायला तो शिकला असावा. दुसऱ्याचा आवरायला नाही.

ही भेट इतकी कोरडी झाली हे पुढच्या लोकांना पटेना. चौथ्या शतकात कुणीतरी पौल आणि सेनेका यांचा चौदा पत्रांचा खोटा पत्रव्यवहारच रचला. पत्रं रटाळ आहेत. पण ज्याने ती लिहिली त्याला काय हवं होतं ते कळतं.

याच गावाला पौलाने लिहिलं की ग्रीक लोक ज्ञान शोधतात, आणि क्रूसावरचा ख्रिस्त त्यांना मूर्खपणा वाटतो. अथेन्समध्ये अराटस म्हणून दाखवणारा तो हाच. वसईकरणीच्या मते अथेन्सला हसं झाल्यावर त्याने सूर बदलला. असेल. टॅक्सीवाला तासभर उशिरा आला आणि आम्ही तो तास न्यायासनाच्या सावलीत काढला.

पाचवा दिवस

तुर्कस्तानातल्या इझमीरचं विमान चार तास लेट. विमान कंपनीने कूपन दिलं, त्यात एक तिळाचं कडं आणि अर्धी कॉफी. अलेक्झांड्रिया आपण टाळलं ही चूक झाली, यावर एकमत. तिथल्या क्लेमेंट या ख्रिस्ती पंडिताने म्हटलंय की यहुद्यांना नियमशास्त्र तसं ग्रीकांना तत्त्वज्ञान: पोराला शाळेपर्यंत सोडायला जाणारा गडी. त्याच्या लिखाणात ओझरता बुद्धही येतो, 'बुट्टा' नावाने, त्याच्या आज्ञा पाळणाऱ्या भारतीयांसकट.

उलट कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन. अथेन्सचा यरुशलेमशी संबंधच काय, हा त्याचा सवाल आजही फेकला जातो. पण आत्मा हाही एक सूक्ष्म देहच, हे त्याचं मत थेट स्टोइकांचं, आणि सेनेकाला तो 'बऱ्याचदा आमचा' म्हणतो. इंग्रजीला इंग्रजीतून शिव्या घालणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांची आठवण झाली.

रात्री उशिरा इफेससजवळच्या सेल्चुक गावात. जेवण काय होतं आठवत नाही.

सहावा दिवस

इफेससचे भग्नावशेष सगळे बघतात, आम्हीही बघितले: वाचनालयाची दर्शनी भिंत, नाट्यगृह, मांजरं. खरं काम दुपारी होतं. गावाबाहेर दलदलीत अर्तमी देवीचं देऊळ. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एकाचा आता एकच खांब उभा, तोही तुकडे रचून केलेला. पाण्यात बेडूक, टोकाला करकोच्याचं घरटं. हेराक्लिटसने आपलं पुस्तक या देवळात ठेवलं होतं अशी जुनी कथा आहे. त्याची सुरुवात लोगोसने होते: तो सदैव आहे, पण माणसांना तो ऐकण्याआधी कळत नाही आणि ऐकल्यावरही नाही.

तिथून पंधरा-वीस मिनिटांवर आयासुलुक टेकडी. 'हागिओस थेओलोगोस', म्हणजे संत योहान, या ग्रीक नावाचंच तुर्की तोंडात झालेलं हे रूप. वर योहानाचं थडगं म्हणून मानलेली जागा, चार खांब, संगमरवरी फरशी. त्यावर प्रचंड बॅसिलिका बांधणारा जस्टिनियन, तोच, 529वाला. अथेन्समधल्या तत्त्वज्ञांना गप्प करून त्याने इथे ज्याच्या थडग्यावर घुमट चढवले, त्याचं शुभवर्तमान हेराक्लिटसच्या शब्दाने उघडतं, लोगोसने.

हे मी जरा विजयाने बोलले. वसईकरणीने मान हलवली. "योहान यहुदी होता. त्याच्यामागे उत्पत्तीचं पुस्तक आहे. देव बोलला आणि प्रकाश झाला. तुझा ओसरीवाला लोगोस बोलत नाही, नुसता असतो. आणि देहधारी तर मुळीच होत नाही." मग थडग्याच्या कठड्याला हात लावून तिने म्हटलं, "प्रारंभी शब्द होता."

मी विचारलं, मराठीत 'शब्द' का? विवेक का नाही, किंवा बोल? तिला पंडिता रमाबाई आठवल्या. केडगावला मुक्ती सदनात ग्रीक आणि हिब्रू शिकून बाईंनी सगळं बायबल एकटीने मराठीत आणलं. 1922मध्ये त्या गेल्या आणि ते 1924मध्ये पूर्ण छापून निघालं. संस्कृतातल्या भारदस्त शब्दांना जुने अर्थ चिकटून येतात म्हणून त्या शक्यतो साधी मराठी धरायच्या. शास्त्र्याच्या मुलीला ते ओझं बरोबर ठाऊक होतं.

"पण 'शब्द' म्हटलं की मला शब्दब्रह्मच आठवतं," मी म्हटलं.

"मलाही. ज्ञानेश्वरी शिकवलीय मी."

खाली ईसा बे मशीद, तिच्या पलीकडे तो एकटा खांब. इझमीरच्या गाडीला पाऊण तास होता. ती फरशीवर बसली, पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यासकट, आणि पिशवीतून कालचं उरलेलं तिळाचं कडं काढून मोडलं. करकोचा जवळजवळ मुकाच असतो. घरट्यावर दुसरा उतरला तेव्हा दोघं माना मागे टाकून नुसत्या चोची वाजवत राहिले, टेकडीवर ऐकू येईल इतक्या जोरात.